नावेवरचं नाव

एकवीस वर्षं मी होड्यांवर नावं लिहितो.
जलकन्या, मासूमा, आईचा आशीर्वाद.
आशीर्वादात शी दीर्घ, व्यावर रफार;
निम्मे मालक चुकीचं लिहून आणतात,
मी बरोबर करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मी दिलावर होडेकर, पेंटर, मुक्काम हर्णै.
कुणाच्या हजेरीवर नाही. ब्रश माझे, शिडी माझी,
वेळ भरती सांगेल ती.

हिराजी चोगल्यांनी शब्द दिला तो बंदरावर,
लिलाव रंगात आलेला,
पापलेटाच्या टोपलीला बोली लागत होती.
त्याच गलक्यात म्हणाले,
दोन्ही बोटी. नाव, नंबर, नाळेवर डोळे.
बत्तीस हजार. पुनवेच्या आत.
मी म्हटलं, होय.

एवढंच.
इथे लाखाची मासळी मान हलवून विकली जाते,
कागद मागितला असता तर
लोक म्हणाले असते, ह्याच्या पोटात काहीतरी आहे.

झाप उतरवले. खरवडलं. प्रायमर, मग दोन हात निळा,
वर पिवळी अक्षरं, अक्षरांना काळी सावली.
पुनवेला नारळ सोडला, बोटी गेल्या.
आल्या तेव्हा म्हणाले, सुरमई लागू दे.
मग म्हणाले, डिझेलवाला बसलाय उरावर.
मग त्यांचा मुलगा म्हणाला,
बाबांनी कधी कबूल केलं? काही लिहिलंय का?

लिहिलंय का!
फूटभर उंचीचं लिहिलंय, दोन्ही अंगांनी,
गुहागरपर्यंत वाचता येईल असं.
फक्त त्यात माझ्याबद्दल
एक काना नाही.

चिपळूणला गेलो. साहेब म्हणाले,
तुम्ही कामगार नाही, तुम्ही ठेकेदार.
मी मागे वळून पाहिलं,
कोण ठेकेदार आलाय म्हणून.

दापोलीच्या कोर्टात, जिन्याखालच्या खोलीत,
मुसळे वकीलबाई. फी नको म्हणाल्या, तो सरकारी हक्क आहे.
तोंडी करारही करारच, अठराशे बहात्तरपासून.
कागद नसेल तर करार नाही, असं नसतं, दिलावरभाई.
कागद नसेल तर सांगायला माणसं लागतात.
आणि कलम सत्तर: फुकट देण्याचा इरादा नसताना
केलेलं काम ज्यानं वापरलं,
त्यानं भरपाई द्यावी.
काम संपल्यापासून तीन वर्षांच्या आत यायचं.
किती झाली?
दोन वर्षं, चार महिने.
अहो, मग आत्तापर्यंत कुठे होतात?
म्हटलं, त्यांच्या सुरमईची वाट बघत होतो.

रंगाची बिलं निघाली, पत्र्याच्या डब्यात, टर्पेंटाइनचा वास येणारी.
फोनमध्ये अकरा सेकंदांचा आवाज निघाला,
मागे इंजिन धडधडतंय, चोगले ओरडतायत,
दिलावर, डोळे जरा मोठे काढ रे,
माझी बोट झोपल्यासारखी दिसता नये.
बाई पहिल्यांदा हसल्या. हे जपून ठेवा.

राहिली साक्ष. गोमती कुलाबकर.
तिची उधारी चोगल्यांकडे, टोपली चोगल्यांच्या मेहेरबानीवर.
तिने बराच वेळ बर्फ फोडला.
मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली,
बत्तीसच बोलले. माझी टोपली तेव्हाच
बत्तीसशेला गेली, म्हणून ध्यानात आहे.
आता जा, गिऱ्हाईक खोळंबलंय.

नोटीस गेली. उत्तर नाही.
हल्ली काम घेतलं की मी मालकाला मेसेज टाकतो:
ठरल्याप्रमाणे, अमुक बोट, अमुक रक्कम.
काही जण अंगठा पाठवतात. काही जण
मग दुसरा पेंटर शोधतात.

काल चोगल्यांची बोट धक्क्याला लागली होती.
आशीर्वादाचा रफार खाऱ्या वाऱ्यानं गेलेला,
नुसता आशीवाद उरलेला.
ब्रश खिशात होता. हात गेला, मागे आला, पुन्हा गेला.
आधी फोटो काढला, तारखेसकट.
मग म्हणालो, हा रफार तेवढा फुकट,
जरा मोठ्यानं,
गोमतीला ऐकू जाईल इतपत.